गिअर हातानं की आपोआप?

गावात कुणी मोटार घ्यायला निघालं की पूर्वी दोनच प्रश्न असत. ॲव्हरेज किती, आणि पेट्रोल की डिझेल? आता तिसरा आला आहे. गिअरची घ्यावी की ऑटोमॅटिक? आमच्या हिंगणीत पारावर हा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं : "ऑटोमॅटिक शहरवाल्यांसाठी. आपल्याकडे कुठं ट्रॅफिक आहे?"

मला हे पटत नाही. सिग्नल नाहीत, कबूल. पण कापसाच्या दिवसांत सेलूच्या वाटेवर भरलेली ट्रॉली पुढे असली म्हणजे पहिला-दुसरा, दुसरा-पहिला असं किती वेळ चालतं, ते डाव्या पायाला विचारावं. तरीही, खरं सांगायचं तर, रहदारी हा मुद्दाच नाही. घरातल्या किती जणांना गाडी चालवता येते, हा मुद्दा आहे.

चार वर्षांपूर्वी मी नागपूरला असताना वडिलांना रात्री दम लागला. गाडी अंगणात उभी, पण चालवणारं कुणी नाही. शेजारच्या मुलाला उठवलं, त्यानं सेवाग्रामला नेलं म्हणून बरं झालं. माझी पत्नी रोज स्कूटरवर सेलूला नोकरीला जाते. रस्ता, वळणं, गुरंढोरं, सगळं तिला ठाऊक. अडत होतं ते फक्त क्लचपाशी. पुढची गाडी आम्ही ऑटोमॅटिक घेतली आणि पंधरा दिवसांत ती वर्ध्याला एकटी जाऊन आली. ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली तेव्हाही लोक हसत होते, ही बायकांची गाडी म्हणून. आज बिनगिअरच्या स्कूटरवर पुरुष काय कमी दिसतात?

आता हे यंत्र काय आहे ते पाहू. ऑटोमॅटिकचे प्रकार तीन-चार आहेत, पण आपल्या खिशाला परवडणाऱ्या लहान गाड्यांत बहुधा 'एएमटी' असते. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे आली. हिचा गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचप्लेटही आहेच. फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं ही कामं यंत्र करतं. त्यामुळे पेट्रोल फारसं जास्त लागत नाही. किंमत मात्र त्याच मॉडेलच्या साध्या गाडीपेक्षा साधारण ४५ ते ६० हजारांनी जास्त पडते. गिअर बदलताना एक बारीक हिसका बसतो. त्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सैल केला की तो जाणवत नाही.

जपायचं ते चढावर. ब्रेक सोडून नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय पुष्कळांना असते. एएमटीत तसं केलं की आतली क्लचप्लेट जळते, आणि तिचं बिल आलं म्हणजे तोंडचं पाणी पळतं. हॅन्डब्रेक ओढावा, निघताना सोडावा. दुसरं, बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही. डिकीत जम्पर केबल हवीच.

आणि काळी माती! पावसाळ्यात डांबर सोडून चाक खाली उतरलं, की गिअरच्या गाडीत दुसरा टाकून, अर्ध्या क्लचवर, पुढे-मागे झुलवत गाडी काढता येते. ती कला पायातच असावी लागते; यंत्राला ती तितकीशी जमत नाही. म्हणून ज्यांची गाडी रोज पांदण रस्त्यानं शेतावर जाते त्यांना मी गिअरचीच घ्या म्हणतो. घरात एकच माणूस चालवणार असेल आणि त्याचे गुडघे शाबूत असतील, तर वरचे पैसे कशाला घालवायचे? विजेच्या मोटारींत तर बहुतेक क्लचही नाही आणि बदलायला गिअरही नाहीत. त्यांच्यापुरता हा वाद मिटलेलाच आहे.

ट्रायल घ्यायला जाल तेव्हा, जो घरात सगळ्यात कमी चालवणार आहे त्याला स्टेअरिंगवर बसवा. शोरूमवाले सपाट रस्त्यानं नेतात. त्यांना चढाचा रस्ता मागा, मध्येच थांबवा आणि पुन्हा निघून पाहा.