टाचेला काटा कशाला?

वैशाली नगरमध्ये रविवारी सकाळी इतकी मराठी घरं एकत्र जमतात, हे मला जयपूरला आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. आज समोर आई-बाबा आहेत आणि पुढच्या दोन रांगांत मुलंही बसली आहेत. मी मुलांना घोड्यावर बसायला शिकवतो, म्हणून तुम्ही मला बोलावलंत. विषय मात्र एका आईनं दिला. आम्रपाली सर्कलपाशी चहा घेत असताना त्या म्हणाल्या, "सर, मुलगा अकरा वर्षांचा आहे. बुटाला लावायचे स्पर मागतोय. देऊ का घेऊन?"

मी म्हटलं, "नका देऊ." पण नुसतं 'नको' म्हटलं की मुलं ऐकत नाहीत, आणि कारण कळल्याशिवाय त्यांनी ऐकावं असंही नाही. म्हणून आज कारणं सांगतो. शेवटी माझी एक चूकही सांगणार आहे, कारण हे शहाणपण मला त्या चुकीतून आलं.

आधी स्पर म्हणजे काय ते पाहू. बुटाच्या टाचेभोवती बसणारी धातूची पट्टी आणि तिला मागे निघालेली छोटी दांडी. कधी दांडीचं टोक गोल असतं, कधी त्यात फिरणारं दातेरी चक्र असतं. बैल हाकायच्या पराणीला पुढे लोखंडी आर असते ना, तसा हा टाचेला बांधलेला काटा. आपल्या भाषेत आपण 'घोड्याला टाच मारली' असं म्हणतो. या वाक्यात फक्त टाच आहे, काटा नाही. माझं म्हणणं एवढंच, की मुलांच्या बाबतीत गोष्ट टाचेपाशीच थांबावी.

मुलांना स्पर का हवे असतात? जयपुरात राहणाऱ्या मुलाला ते दिसतात म्हणून. भारतीय लष्कराची घोड्यांवरची रेजिमेंट, ६१ कॅव्हलरी, आपल्या या शहरात आहे. संस्थानांच्या घोडदळांतून ती १९५३ मध्ये उभी राहिली आणि त्यात ग्वाल्हेरचेही स्वार होते. इथं पोलोची परंपरा आहे. महाराजा सवाई मानसिंह यांचा संघ १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये जाऊन सामने जिंकून आला, ते इथले लोक अजून सांगतात. मुलगा मैदानाच्या कडेला उभा राहून चमकणारे बूट बघतो. त्याला वाटतं, स्पर लावले की आपण खरे स्वार. युरोपात तर नाइट म्हणून मान देताना सोन्याचे स्पर देत. पण त्यांच्याकडेही ते मिळत शिक्षण पुरं झाल्यावर. आपली मुलं शिक्षण सुरू व्हायच्या आधीच मागतात.

आणखी एक गैरसमज. पोलोच्या घोड्याला 'पोलो पोनी' म्हणतात, पण ते पूर्ण वाढीचे घोडे असतात आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं सराव केलेला माणूस असतो. आपली मुलं ज्यावर बसतात ते खरं तट्टू. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नालेशिवाय १४८ सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या जनावराला पोनी म्हणतात. आपल्याकडची बरीच तट्टं त्याहून कितीतरी बुटकी असतात.

आता मुलाचा पाय कुठं येतो ते पाहा. तट्टू उंचीला कमी, पण पोटाला ढोलासारखं गोल. मोठ्या माणसाचा पाय घोड्याच्या बरगडीवरून खाली उतरतो आणि कुशीला लपेटून बसतो. दहा वर्षांच्या मुलाचा पाय त्या ढोलाच्या मध्यावरच संपतो. टाच लावायची तर तो गुडघा वर उचलतो, टाचही वर घेतो आणि मग मारतो. टाच वर गेली की दोन गोष्टी होतात. मांड सुटते, म्हणजे खोगिरावरची बैठक जाते. आणि पाऊल रिकिबीत पुढे घुसतं. पडताना पाऊल रिकिबीत अडकलं तर मूल फरफटत जातं. घोडेस्वारीतला हा सगळ्यात वाईट अपघात. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून 'टाच खाली, टाच खाली' असं ओरडत असतो. स्पर लावलेल्या मुलाला आपण नकळत उलटं शिकवतो.

दुसरं, नवशिक्याचा पाय स्थिर नसतो. तट्टू दुडक्या चालीनं निघालं की मुलाचा पाय प्रत्येक पावलाला हलतो. साधा बूट असेल तर ती हलकी थापटी. स्पर असेल तर प्रत्येक पावलाला एक टोचणी, जी मुलानं ठरवून दिलेली नाही आणि तट्टाला तिचा अर्थ कळत नाही. समजा, त्या टोचणीनं तट्टू दचकून पळालं. घाबरलेलं मूल काय करतं? पाय आवळतं. पाय आवळले की काटा आणखी रुततो, तट्टू आणखी पळतं, मूल आणखी आवळतं. हा फेरा मुलाला स्वतः तोडता येत नाही.

तुम्ही म्हणाल, घोड्याची कातडी जाड असते, त्याला काय लागतंय! घोड्यावर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते, हे तुम्ही पाहिलं असेल. माशी कळते त्याला काटा कळणार नाही? २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी घोड्याच्या पुठ्ठ्यावरची कातडी आणि माणसाची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहिली. वेदना ओळखणाऱ्या नसांची टोकं ज्या सर्वांत वरच्या थरात असतात, तो थर घोड्यात माणसापेक्षा जाड निघाला नाही, आणि ती टोकंही कमी निघाली नाहीत. घोडा ओरडत नाही, एवढंच. कळपात राहणारं, शिकार होणारं जनावर दुखणं लपवतं.

आता समोरची बाजू, कारण ती खोटी नाही. अनुभवी शिक्षकही मला म्हणतात, "मूल हलकं, पाय आखूड. तट्टू त्याला जुमानत नाही. मग मूल अर्धा तास धपाधप टाचा मारत राहतं. त्यापेक्षा छोट्या बोथट स्परचा एक स्पर्श बरा नाही का?" शंभर लाथांपेक्षा एक स्पर्श बरा, हे मला मान्य आहे. पण शंभर लाथांची वेळ आली कशी? शिकवणीचं तट्टू अक्षरशः भाड्याचं तट्टू असतं. दर अर्ध्या तासानं नवं मूल. प्रत्येक मूल लाथ मारतं, आणि तट्टू चाललं तरी लाथ थांबत नाही. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटल्यानं शिकतो. पाय लागला, मी चाललो, पाय सुटला, म्हणजे मी बरोबर केलं. पाय सुटलाच नाही तर तो एकच धडा घेतो, की या पायाला काही अर्थ नाही. मग तो बहिरा होतो. बहिऱ्या केलेल्या तट्टाला स्पर लावला तर काही दिवस ते चालतं, मग स्परलाही बहिरं होतं. त्याच्या पुढं काय लावणार?

आता माझी चूक. पूर्वी मी जिथं शिकवत होतो तिथं बादल नावाचं राखाडी तट्टू होतं. त्यावर बसणारा बारा वर्षांचा मुलगा गुणी होता. त्याची छोटी स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती, आणि बादल अचानक चालेनासा झाला. डाव्या वळणाला तर पाय रोवून उभा राहायचा. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "सर, हा माझं ऐकतच नाही." मी माझ्या पेटीतले छोटे बोथट स्पर काढले आणि स्वतःच्या हातानं त्याच्या बुटाला बांधले. बादल चालला. मुलगा खूश, त्याचे वडील खूश, मीही खूश. नवव्या दिवशी बादलनं उडी न घेता मान खाली घातली आणि मागचे पाय झाडले. मुलगा पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं.

संध्याकाळी खोगीर उतरवताना आमच्या साईसनं मला हाक मारली. म्हणाला, "साबजी, यहाँ हाथ रखिए." पाठीच्या डाव्या बाजूला, खोगिराखाली, तळहाताएवढी जागा सुजून गरम झाली होती. मी बोट टेकवताच बादलची पाठ खाली गेली. खोगिराचा भराव एका बाजूनं दबला होता आणि डाव्या वळणाला तिथंच भार येत होता. ते जनावर इतके दिवस मला सांगत होतं. मी त्याला आळशी म्हटलं, आणि एका लहान मुलाच्या पायांनी त्याचं बोलणं बंद केलं. मुलाचं हाड दोन महिन्यांत जुळलं. तो परत घोड्यावर बसला नाही. त्याच्या आईला मी सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा जड होतं.

तेव्हापासून माझा नियम आहे. तट्टू चालत नसेल तर आधी त्याच्या पाठीवर हात फिरवायचा. मग तंगाखाली कातडी सोलली आहे का, नाल ढिली आहे का, तोंडात लगामाची जखम आहे का, हे पाहायचं. पाणी कधी प्यायलं, सकाळपासून किती मुलं बसली, ते विचारायचं. जयपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. उन्हात चौथ्या फेरीला तट्टू थांबलं तर तो आळस नसतो. वजनही बघायचं. स्वार आणि खोगीर मिळून जनावराच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या आत असावं, असा ढोबळ हिशेब आहे. दोनशे किलोच्या तट्टाला चाळीस किलो. आपली काही मुलं, खोगीर धरून, त्याच्या पुढं जातात. तेव्हा मुलाला मोठं तट्टू द्यायचं, काटा नाही.

पाठ, पाय, तोंड सगळं ठीक असेल तर मग शिकवायचं, पण आधी तट्टाला. हलक्या अंगाचा जाणता स्वार वर बसतो. आधी पिंढरीचा मऊ दाब. उत्तर नाही तर थोडा जास्त. तरी नाही तर पायाच्या मागे छडीची हलकी टिचकी, आणि तट्टानं पहिलं पाऊल टाकताच सगळं सोडून मानेवर थाप. असं चार-पाच दिवस केलं की तट्टू पहिल्या मऊ दाबालाच निघतं. मग मुलाला वर बसवून एकच गोष्ट शिकवायची. तट्टू निघालं की पाय शांत. मुलांना पाय मारायला शिकवावं लागत नाही. शांत ठेवायला शिकवावं लागतं, आणि त्याला महिने लागतात.

आपल्या गावाकडचं एक दृश्य आठवा. पावसाळा संपला की धनगरांचे वाडे घाटावरून खाली उतरतात. तट्टाच्या पाठीवर संसार, त्यावर कोंबड्या, कोकरं, कधी एखादं लहान मूल. दोरी दहा-बारा वर्षांच्या पोरीच्या हातात. भीमाकाठच्या या भीमथडी घोड्यांना आता स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदही मिळाली आहे. ती पोर तट्टाला आवाजानं आणि दोरीनं हलवते, कारण रोज पाणी, चारा तीच बघते. म्हणून माझ्याकडं मूल खोगिरावर बसायच्या आधी पंधरा मिनिटं खरारा करतं. खरारा करताना पाठीवरची सूज हाताला लागते.

कायदाही आपल्याला काही सांगतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखालच्या १९६५ च्या नियमांत, जनावर हाकताना किंवा त्यावर बसताना काटेरी काठी, काटेरी लगाम किंवा सूज, खरचटणं, तीव्र वेदना होईल असं टोकदार साधन वापरायला मनाई आहे. बोथट स्परचं नाव त्यात नाही, पण ज्या टोकानं कातडी सोलेल ते त्यात बसतं. खेळाचे नियमही त्याच दिशेचे. पोलोत टोकदार स्पर चालत नाहीत. आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमध्ये पोनीवरच्या मुलांना चक्राचे स्पर चालत नाहीत. आपल्याकडं बैलगाडा शर्यतींचा वाद २०२३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालला. शर्यती पुन्हा सुरू झाल्या, पण जनावराचा छळ करायचा नाही या अटीवर. गावच्या गाडामालकाकडून आपण ही अपेक्षा करतो. मग शहरात फी भरून घोडा शिकणाऱ्या आपल्या मुलांकडून कमी का करावी?

मग स्पर कधीच नाही का? असं मी म्हणत नाही. मुलगा किंवा मुलगी रिकिबीविना दहा मिनिटं दुडक्या चालीत बसली आणि पाय हलले नाहीत, तट्टू नुसत्या पिंढरीच्या दाबानं निघालं, वळलं, थांबलं, तर शिक्षकाच्या नजरेखाली, छोटा, बोथट, बिनचक्राचा स्पर बांधून बघता येईल. तेही बारीक, नेमका इशारा द्यायला, पळवायला नाही. आणि दुसऱ्या दिवशी स्पर काढून तट्टू तसंच चाललं पाहिजे. गंमत अशी, की इतकं जमलेली बहुतेक मुलं मग स्पर मागत नाहीत. ज्याला हवा असतो त्याला देता येत नाही, आणि ज्याला देता येतो त्याला त्याची गरज वाटत नाही.

त्या आईंनी मुलाला काय सांगावं, ते सांगून थांबतो. त्याला सांगा, स्पर मिळणार नाहीत. त्याऐवजी पुढच्या रविवारी अर्धा तास लवकर ये. सरांनी तुझ्यासाठी खरारा काढून ठेवलाय. आधी तट्टाच्या पाठीवर हात फिरव, आणि ते काय म्हणतंय ते मला येऊन सांग.