नाजूक हनुवटी

मैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही. वस्तीत बचत गटाचं काम करते, आणि बैठकीत डुलक्या घेणारी बाई म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखतात. हसा, मीही हसत असे.

सात-आठ वर्षं मी दिवसभर पेंगत होते. सकाळी डोकं जड, घसा कोरडा. सासूबाई म्हणत, आळस. डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, मग 'पाळी जायचं वय' म्हणून विषय संपवला. मी घोरते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाईनं घोरायचं म्हणजे लाजच! पाहुणे आले की मी जागीच राहायची. पुरुषाच्या घोरण्याचं मात्र घरभर कौतुक.

शेवटी बाळंतपणाला आलेली लेक रात्री बाळाला घेऊन जागी असताना म्हणाली, "आई, तुझा श्वास मधेच थांबतो गं." तपासणीत निघाला स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट बुजते, १० सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबतो. मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो. रात्रभर हेच, आणि सकाळी काही आठवत नाही.

मी म्हटलं, हा तर लठ्ठ माणसांचा आजार ना? मी ही अशी काटकुळी! डॉक्टरीणबाईंनी मला माझा चेहरा बाजूनं दाखवला. खालचा जबडा लहान, हनुवटी मागे गेलेली. तिथं जिभेला जागा कमी; उताणं झोपलं की ती घशाकडे सरकते. अशा ठेवणीमुळे बारीक माणसालाही हे होतं, आणि पाळी गेल्यावर बायकांत प्रमाण वाढतं. मला बघायला आलेल्यांनी हीच हनुवटी 'नाजूक' म्हणून पसंत केली होती.

पण हनुवटी बघून पेंग मोजता येत नाही. श्वास फार वेळा थांबूनही काहींना दिवसा झोप येत नाही. पेंग मोजायला १९९१ साली ऑस्ट्रेलियातून आलेली एपवर्थ प्रश्नावली वापरतात. ८ प्रश्न, २४ गुण. १० च्या वर गेलं की पेंग जास्त. एक प्रश्न असा : दुपारी सवड मिळून आडवं झाल्यावर झोप लागते का? दुसरा : जेवणानंतर, दारू न घेता, निवांत बसल्यावर? आता सांगा, आपल्यातली कोण निवांत बसते! शिवाय पुष्कळ बायका पेंग म्हणतच नाहीत. थकवा म्हणतात, डोकं दुखतं म्हणतात, रात्री झोप लागत नाही म्हणतात. मग गुण कमी पडतात, आणि बाई घरी परत.

आता मी रात्री मास्क लावते. यंत्र दाबानं हवा सोडतं, वाट उघडी राहते. महाग आहे, भिशीतून घेतलं. नवरा त्याला हत्तीची सोंड म्हणतो. म्हणू दे.

लेकीची हनुवटी माझ्यासारखीच आहे. आपण घोरतो का, हे नवऱ्याला विचारायला ती अजून तयार नाही.