दीर्घ पल्ल्याची डोंगरी सायकल शर्यत : सहा महिन्यांची पूर्वतयारी

(चंदनसार, विरार पूर्व येथे शिक्षक, पंचायत सदस्य, शासकीय कर्मचारी व तरुण सायकलपटू यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



सायकल ही आपल्या परिचयाची वस्तू आहे. दूधवाला, पाववाला, कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार आणि शाळेत जाणारा विद्यार्थी या सर्वांची ती वर्षानुवर्षे सोबती राहिली आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील अनेक तालुक्यांत शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या आणि गावापासून दूर असलेली शाळा त्यांच्या आवाक्यात आली. याच सायकलीवर बसून एका दिवसात दीडशे किलोमीटरच्या आसपास डोंगरवाटा तुडवण्याची आकांक्षा आता आपल्या भागातील तरुण बाळगू लागले आहेत. ही आकांक्षा स्तुत्य आहे. मात्र अपुऱ्या तयारीनिशी अशा शर्यतीत उतरणे धोक्याचे आहे. म्हणून या तयारीचा विचार आज तपशिलाने करावयाचा आहे.

परंपरा आणि पराक्रम

महाराष्ट्राला दीर्घ पल्ल्याची सायकल शर्यत नवी नाही. मुंबई-पुणे शर्यतीने अनेक दशके लोकांना रस्त्याच्या दुतर्फा उभे केले आहे. बोरघाटाचा सुमारे पाचशे मीटरचा चढ सर्वांत आधी पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची प्रथा या शर्यतीनेच रूढ केली. पुढे आपल्या सायकलपटूंनी समुद्रापलीकडेही नाव कमावले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर जाणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत संपवली. गोकुळनाथ यांचा २०१६ मधील प्रयत्न अपुरा राहिला होता, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हे चौघेही व्यवसायाने डॉक्टर आहेत.  आपले काम सांभाळून त्यांनी हे साधले. तेव्हा नोकरी, शेती किंवा शिक्षण सांभाळणाऱ्या आपल्या तरुणाने ‘मला वेळ नाही’ असे म्हणण्यापूर्वी थोडा विचार करावा.

डोंगरी शर्यतीचे स्वरूप

डांबरी रस्त्यावरील शर्यत आणि डोंगरवाटेवरील शर्यत यांत मोठा फरक आहे. डोंगरवाटेवर खडी, माती, ओढे आणि उभे उतार असतात. तेथे वेग कमी होतो. परंतु हात, खांदे, पाठ व मन यांना क्षणाचीही उसंत मिळत नाही. याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या लेडव्हिल गावची शर्यत. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवरील हे खाणकामगारांचे गाव. १९८२ मध्ये तेथील मोठी खाण बंद पडली आणि गावाचा रोजगार गेला. बाहेरच्या माणसांनी गावात येऊन मुक्काम करावा, या हेतूने गावकऱ्यांनी १९८३ मध्ये शंभर मैल धावण्याची आणि १९९४ मध्ये तेवढ्याच पल्ल्याची सायकल शर्यत सुरू केली. शर्यतीच्या आधाराने गाव सावरू शकते, हा या कथेतील विकासाचा धडा पंचायत सदस्यांनी विसरू नये.

या शर्यतीत सुमारे १६० किलोमीटर अंतर बारा तासांत कापावे लागते. एकूण चढ तीन हजार मीटरहून अधिक, म्हणजे समुद्रसपाटीवरून निघून कळसूबाईचे शिखर जवळजवळ दोनदा गाठण्याइतका असतो. आता साधे गणित करू. सायकल चालत असताना ताशी सरासरी १५ किलोमीटर वेग राखला, तर १६० किलोमीटरला १० तास ४० मिनिटे लागतात. खाणेपिणे, दुरुस्ती व विसावा यांसाठी उरतात फक्त ८० मिनिटे. विसाव्यात दोन तास घालवले, तर वेग ताशी १६ किलोमीटर हवा. अनेक स्पर्धक चढावर मागे पडत नाहीत, थांब्यावर मागे पडतात. थांब्यावरची शिस्त हीदेखील सरावाने अंगी बाणवावयाची गोष्ट आहे.

श्रावण ते पौष

शर्यत पौषातील थंडीत आहे असे धरले, तर तयारीस श्रावणात आरंभ करावा. चोवीस आठवडे हा कालावधी पुरेसा आहे. पहिले दोन महिने पाया घालण्याचे. आठवड्यातून तीन-चार दिवस, शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच संथ वेगाने सायकल चालवावी. बोलताना धाप लागली, तर वेग जास्त झाला असे समजावे. या काळात छाती फुटेस्तोवर जोर लावणारा तरुण दसऱ्यापूर्वीच गुडघा धरून बसतो.

आठवड्यातील एक फेरी लांब पल्ल्याची असावी. ती ४० किलोमीटरपासून सुरू करून दर खेपेस दहाव्या हिश्श्याहून अधिक वाढवू नये. तीन आठवडे वाढ आणि चौथ्या आठवड्यास विश्रांती असा क्रम ठेवला, तर सोळा आठवड्यांत बारा वाढी होतात आणि पल्ला सव्वाशे किलोमीटरवर पोहोचतो. संपूर्ण अंतराची रंगीत तालीम करण्याची गरज नाही; तीन-चतुर्थांश अंतर सुखरूप पार करणाऱ्यास उरलेले अंतर शर्यतीचा दिवस पार करवून देतो. पुढील सहा आठवडे पल्ला तेवढाच ठेवून चढ-उताराच्या व खडबडीत वाटांवर सराव करावा. अखेरच्या दोन आठवड्यांत सराव निम्म्यावर आणावा. शरीर बळकट होते ते विश्रांतीत, म्हणून रोजची सात-आठ तासांची झोप हा सरावाचाच भाग मानावा.

सरावासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शिरसाडहून पारोळ, उसगाव, वज्रेश्वरीमार्गे अंबाडीकडे जाणारा रस्ता पाया घालण्यास चांगला आहे. पुढे वाडा, विक्रमगड व जव्हारकडील घाटरस्ते चढाच्या सरावास उपयोगी पडतात. पावसाळा संपल्यावर, भाविकांची वर्दळ नसेल अशा वेळी, जीवदानीच्या तेराशेहून अधिक पायऱ्या आठवड्यातून एकदा चढल्यास मांड्यांना जे बळ येते ते कोणत्याही यंत्रावर येत नाही. ज्यांना आपली कुवत अजमावून पाहावयाची असेल, त्यांनी मुंबई, पुणे, नाशिक येथून निघणाऱ्या ‘ब्रेव्हे’ या मुदतबद्ध सायकल फेऱ्यांत भाग घ्यावा. २०० किलोमीटरच्या फेरीस साडेतेरा तासांची मुदत असते आणि तेथे क्रमांक दिला जात नाही. मुदतीत पोहोचणारा प्रत्येक जण यशस्वी गणला जातो.

तुंगारेश्वरच्या वाटा तरुणांना खुणावतात, हे मी जाणतो. तथापि २००३ पासून ते अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे नियम तेथे लागू आहेत. वन विभागाची परवानगी घेऊन, नेमून दिलेल्या वाटेनेच आणि वेळेतच तेथे जावे. खाद्यपदार्थांचे एकही वेष्टन मागे राहता कामा नये.

शिदोरी आणि पाणी

बारा तासांच्या श्रमात शरीरास ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. मध्यम आकाराच्या एका केळ्यात ती सुमारे २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी. एवढी केळी पाठीवर वाहून नेणे शक्य नाही. परंतु आपल्या आगाशी-वसई भागाने या अडचणीवर फार पूर्वीच तोड काढून ठेवली आहे. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी हलकी, टिकाऊ व चटकन शक्ती देणारी असते. तिच्या जोडीला गूळ-शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू आणि खारवलेले बटाटे घ्यावेत. भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासून थोडे थोडे खात जावे. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ मात्र तोंडात घालू नये.

कोकणच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, त्यामुळे अंगातील उष्णता साठत जाते. तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी तहानेनुसार घ्यावे. निव्वळ साधे पाणी पोट फुगेपर्यंत पिणेही घातक आहे. त्यामुळे रक्तातील मिठाचे प्रमाण घसरते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे आरोग्यसेविकेने घरोघरी शिकवलेले मिश्रण येथेही कामी येते. चमचा अर्थातच चहाचा. लांब फेरीच्या आधी व नंतर वजन करावे. ६० किलो वजनाच्या तरुणाचे वजन सव्वा किलोहून अधिक घटले, तर पाणी कमी पडले. वजन वाढले, तर पाणी जास्त झाले. वजनाचा काटा शाळेत किंवा आरोग्य उपकेंद्रात असतो आणि त्याला खर्च येत नाही.

सायकल आणि सुरक्षितता

महागडी सायकल घेण्यापूर्वी जवळची सायकल निगुतीने ठेवावी. बैठकीची उंची अशी असावी, की पायटा सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. पंक्चर स्वतः काढता आले पाहिजे आणि तेही अंधारात, ओल्या हातांनी. जादा ट्यूब, ठिगळे, पंप, पाने व साखळीची जोडकडी जवळ असावी. चिखलातून आल्यावर ब्रेकचे रबर तपासावे, कारण वाळूमिश्रित चिखल ते झपाट्याने झिजवतो.

सराव महामार्गावर करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. चंदनसारहून बाहेर पडताना विरार फाट्याच्या परिसरात मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा जो थोडा भाग टाळता येत नाही, तो उजेडात, डावी कड धरून, एकामागोमाग एक असा पार करावा. हेल्मेट, पुढे-मागे दिवे आणि उजळ रंगाचा सदरा यांवाचून घराबाहेर पडू नये. एकट्याने लांब जाऊ नये. पस्तिशी ओलांडलेल्यांनी, तसेच घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एखादा स्पर्धक असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातीत दुखणे, भोवळ व भ्रम या तीन लक्षणांपैकी एकही दिसल्यास शर्यत सोडावी, हा निर्णय घरी बसूनच करून ठेवावा. थकलेल्या मेंदूला वाटेत तो करता येत नाही. थांबलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येतो. २०१६ नंतर २०१७ उजाडते, हे आपण आताच पाहिले.

गावाचा वाटा

शिक्षकांनी प्रत्येक सायकलपटूस एक वही घालून द्यावी. तीत अंतर, वेळ, वजन, झोप व दुखणे यांची नोंद रोज व्हावी आणि आठवड्यातून एकदा ती शिक्षकांनी पाहावी. वही खोटे बोलत नाही; कोठे अतिरेक होतो आहे हे ती वेळीच दाखवते. शाळेत रोज सायकलीने जाणाऱ्या मुलींकडेही त्यांनी लक्ष द्यावे. दीर्घ पल्ल्यास लागणारा पाया त्या नकळत घालीतच आहेत. त्यांना उणीव आहे ती सोबतीची आणि घरच्यांच्या संमतीची. ही संमती मिळवण्यात शिक्षकांचा शब्द मोलाचा ठरतो.

वाटेवरील पंचायतींनी सरावाच्या दिवशी पिण्याच्या पाण्याची एक जागा ठरवावी, रस्त्यातील धोक्याचे खड्डे बुजवावेत आणि फेरीचा दिवस गावात आधी कळवावा. पुढेमागे स्वतः शर्यत भरवावयाची झाल्यास पोलीस, आरोग्य व वन या तिन्ही विभागांशी काही महिने अगोदर संपर्क साधावा.

शर्यतीचा दिवस एकच असतो. त्या दिवशी सायकलपटू एकटाच चढ चढतो. परंतु त्याच्या मागे सहा महिन्यांच्या पहाटा, घरची शिदोरी, शिक्षकांची वही आणि गावाने राखलेली वाट असते. हे सर्व ज्याच्यापाशी आहे, तो पहिला आला नाही तरी धडधाकट घरी परततो. आपल्या मुलामुलींना एवढे बळ देणे आपणा सर्वांच्या हाती आहे. ते आपण द्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.