इतर हक्कांचा रकाना

श्रोतेहो, मी बेलपाड्याचा. 17 नोव्हेंबर 2023 ला नवी मुंबईची मेट्रो सुरू झाली आणि एका स्टेशनाला आमच्या गावाचं नाव लागलं, तेच हे बेलपाडा. असो, विषय वेगळाच आहे.

नोकरी माझी तलाठ्याची. सिडकोसाठी जमिनी गेल्यापासून आमच्याकडचा माणूस कागद नाकाशी धरून वाचतो. सातबाऱ्यावर नुसतं मालकाचं नाव बघून घडी घालतो तो कच्चा. पक्का माणूस आधी 'इतर हक्क' बघतो. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, सगळी गोम त्या रकान्यात.

आणि हीच माणसं मोबाइलवर डोळे मिटून 'मान्य' दाबतात!

परवा पुतण्याने गणपतीच्या फोटोला मखर लावायचं ॲप घेतलं. मी चष्मा पुसेपर्यंत याचं 'मान्य' दाबूनही झालं. म्हटलं, दाखव काय मान्य केलंस. अंगठ्याने वर सरकवतोय, सरकवतोय, इंग्रजी काही संपेना. ॲपला कॉन्टॅक्ट हवेत, लोकेशन हवं, मायक्रोफोन हवा. अरे, मखराला मायक्रोफोन कशाला? आरती ऐकणार आहे का ते? पुतण्या म्हणतो, "काका, सगळेच दाबतात."

मंडळी, तो अटींचा मजकूर म्हणजे आख्खा इतर हक्कांचा रकाना आहे. फोटो तुमचा, नाव तुमचं, पण बोजा कुणाकुणाचा चढला ते त्यात लिहिलेलं.

बरं, सातबाऱ्यात फेरफार करायचा तर आम्ही नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस देतो. इथे? 2021 साली व्हॉट्सॲपने अटी बदलल्या, घ्या नाहीतर सोडा. त्यावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला 213 कोटी 14 लाखांचा दंड लावला. ते पुढे अपिलात गेलं, त्या फाट्यावर आज वळत नाही.

मला सांगायचंय ते एवढंच, की अटी मराठीत मागा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्येच सांगितलं. मग 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आला. तो म्हणतो, संमती मागताना भाषा साधी हवी, आणि आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायची सोय हवी. त्यात आपली मराठी आली. दिलेली संमती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, मुख्य कलमांना अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर निदान विचारायची सवय लावून घ्या. पुन्हा सांगतो, कारण कुणीतरी आत्ता चहा ओतायला उठलं असेल: अटी मराठीत मागा.

दुकानातही तेच. बिल करायला मोबाइल नंबर कशाला? नंबरासाठी अडून बसू नका, असं ग्राहक मंत्रालयाने मे 2023 मध्येच दुकानदारांना बजावलंय. आमच्या हिने एकदा एका दुकानात हे ऐकवलं, तर तो पोरगा म्हणाला, मशिन पुढेच जात नाही. पिशवी तिथेच ठेवून ही घरी आली. मला मग भाजीला पुन्हा जावं लागलं, ते सोडा.

मुलांचं तर राहूनच गेलं. त्या 2023 च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्यांसाठी आईबापाची पडताळलेली संमती लागणार आहे. आमची नात सहावीत आहे, जन्मसाल विचारलं की बिनदिक्कत 1990 टाकते, आणि तिचा बाप शेजारी बसून... बरं, काचेपलीकडून हात हलतोय, थांबतो.