चैत्रगौर आणि निळं रान

चैत्र लागला. इंडिया स्क्वेअरच्या दुकानांतून कैऱ्या घरी आल्या असतील, काही घरांत गौर झोपाळ्यावर बसलीही असेल. हळदीकुंकू कुणाच्या अपार्टमेंटमध्ये, पार्किंगचं काय, हे फोनही सुरू झाले असतील. यंदा माझं ऐका. एक दिवस डाळ-पन्हं घेऊन रानात चला.

आपली गौर चैत्र शुद्ध तृतीयेला माहेरी येते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते. बहुतेक वर्षी याच दिवसांत, एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पूर्वेकडच्या नदीकाठच्या रानांत व्हर्जिनिया ब्लूबेल फुलते. इंग्लंडची ब्लूबेल वेगळी; ही इथलीच. कळी गुलाबी असते, उमलली की निळी होते. वरच्या झाडांना पालवी फुटून सावली दाटायच्या आत ती फुलून घेते, आणि उन्हाळा आला की पानांसकट दिसेनाशी होते. तीही माहेरवाशीणच म्हणायची!

पेनसिल्व्हेनियात न्यू होपजवळ बोमन्स हिल नावाचं रानफुलांचं राखीव वन आहे, १९३४ पासूनचं. जर्सी सिटीहून गाडीने साधारण दीड तास. वेळ आणि तिकीट आधी बघून निघा. फुलं पायवाटेवरूनच बघायची. फोटोसाठी मुलांना फुलांत बसवू नका. चेपलेल्या मातीत ती पुन्हा सहज येत नाहीत.

जेवायला मात्र नदी ओलांडून न्यू जर्सीच्या बाजूला, वॉशिंग्टन क्रॉसिंग स्टेट पार्कमध्ये या. तिथे टेबलं-बाकं आहेत. (१७७६ च्या नाताळच्या रात्री वॉशिंग्टनही सैन्य घेऊन याच दिशेने नदीपार आला होता. आपल्याकडे डबे असतील, एवढाच फरक.) गवतावर सतरंजी नको. इथे टिक असतात, आणि आजी-आजोबांच्या गुडघ्यांनाही बाकच बरं.

आता डबा. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटा. बारीक वाटलीत तर चटणी होईल. कैरी किसून घाला, हिरवी मिरची, हिंग-मोहरीची फोडणी. ही डाळ उन्हात लवकर आंबते, म्हणून सकाळीच कालवा आणि बर्फाच्या पेटीत ठेवा. पन्ह्याचा गर गूळ-वेलदोडा घालून घट्टच न्या, पाणी तिथे घाला. भिजवलेले हरभरे विसरू नका, ओटीला लागतील.

हे सांगते ते भारतातून आलेल्या आईबाबांसाठी. थंडीत येऊन अठराव्या मजल्याच्या खिडकीशी बसलेले असतात, आणि मेमध्ये परतीचं तिकीट असतं. नातवंडांना आजीच्या हातची डाळ माहीत असते, पण आजीने अंगणात काढलेलं चैत्रांगण त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. थोडी रांगोळी डब्यासोबत घ्या. टेबलावर मोठा कागद पसरून आजीला काढू द्या. गौरीची पावलं, तुळस, कासव, जेवढं आठवेल तेवढं. निघताना कागद गुंडाळून परत आणा.

शनिवारी गर्दी असते. जमलं तर एखाद्या शुक्रवारी सुट्टी टाका. फुलं फार दिवस थांबत नाहीत.