खटका पडतो तो कां?

“वीज गेली!” असें म्हणत घरांतील मंडळी खिडकीशीं येतात, तों समोरच्या इमारतींत दिवे लख्ख जळत असतात. मग कोणी खुर्चीवर चढून दारावरील पेटी उघडतो आणि आंतील एक कळ खालीं पडलेली दिसते. ती वर केली कीं घर पुनः उजळतें. थोड्या वेळानें पुनः अंधार. या उपकरणाला सारे एमसीबी म्हणतात आणि तें “ट्रिप झालें” असें वायरमन सांगतो. आजच्या भाषणापुरतें त्यास खटका म्हटलें आहे. खटका वारंवार पडूं लागला म्हणजे घरच्यांचा राग प्रथम त्याच्यावरच निघतो. “हा खराब झाला, मोठा बसवा,” असा सल्ला शेजारून मिळतो, आणि तो मोठ्या तत्परतेनें अंमलांतहि येतो. १६ अँपियरच्या जागीं ३२ अँपियरचा खटका बसतो, दिवे जाईनासे होतात, सर्वत्र समाधान नांदतें. भिंतीच्या पोटांतील तारेच्या वांट्याला मात्र हें समाधान येत नाहीं.

पूर्वीं चिनी मातीच्या कटआऊटमध्यें फ्यूजची बारीक तार असे. प्रवाह फार वाढला कीं ती वितळे. ती पुनः पुनः जळूं लागली कीं तिच्या जागीं तांब्याची जाड तार गुंडाळून देणारे कुशल हात प्रत्येक आळींत असत! १९२४ सालीं जर्मनींतील मानहाइम येथील ह्यूगो स्टोट्झ यांच्या कंपनीनें, जळून न जातां पुनः उचलतां येईल अशा लहान खटक्याचें एकस्व घेतलें. त्याच्या आजच्या वंशजाच्या पोटांत दोन पहारेकरी असतात. एक म्हणजे दोन भिन्न धातूंची जोडपट्टी. तापल्यावर एक धातु दुसऱ्याहून अधिक प्रसरण पावतो, पट्टी वांकते आणि खटका पाडते. हिचें काम सावकाशीचें. दुसरा पहारेकरी तारेचें वेटोळें. घरांत बहुधा असणाऱ्या ‘सी’ वर्गाच्या खटक्यांत प्रवाह पांच ते दहा पटींवर गेला कीं हें वेटोळें चुंबकाच्या जोरानें क्षणार्धांत खटका पाडतें. यास्तव खटका किती वेळानें पडला, हा प्रश्न सर्वांआधीं विचारावयाचा असतो. आणि नेमका तोच कोणी विचारीत नाहीं.

तो दहा-वीस मिनिटांनीं पडत असेल तर बहुधा भार अधिक झालेला असतो. थंडीच्या दिवसांतील सकाळ घ्या. गीझर २००० वॅट, स्वयंपाकघरांतील इंडक्शन शेगडी २००० वॅट, आणि दुसऱ्या न्हाणीघरांत पाणी तापविण्याची कांडी १५०० वॅट. एकूण ५५०० वॅटला २३० व्होल्टांनीं भागलें कीं सुमारें २४ अँपियर येतात. जुन्या घरांत हीं तिन्ही एकाच १६ अँपियरच्या खटक्यावर असतील तर तो पडणारच. किंबहुना न पडला तरच चिंता करावी. पडल्यावर पट्टी तापलेलीच असते, म्हणून लागलींच उचललेला खटका आणखी लवकर पडतो. येथें उपाय एकच. गीझरला स्वतंत्र तार व स्वतंत्र खटका द्यावा; तोंवर पाणी आधीं, शेगडी नंतर. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार भिंतींतील नळींतून सुमारें २० अँपियर सुखानें वाहते. बत्तीसाचा खटका तिच्यांतून ३२ अँपियर तासन्‌तास जाऊं देईल. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, म्हणजे ती अडीचपटीहून अधिक झाली. तारेवरील आवरण मऊ होतें, करपतें, आणि एका रात्रीं भिंतीच्या आंत ठिणगी पडते.

उचलतांक्षणींच खटका पडत असेल तर तो हट्टानें उचलूं नये. दोन तारा कोठें तरी एकमेकींस भिडल्या आहेत. त्या खटक्यावरील सर्व उपकरणांच्या पिना काढून एकदां उचलून पाहावें. तरीहि पडला तर दोष वायरिंगमध्यें आहे आणि तें काम वायरमनचें. टिकला तर एकेक उपकरण लावीत जावें. अपराधी आपोआप सांपडतो.

पावसाळ्यांत मात्र निराळेंच प्रकरण उद्भवतें. पेटींत ‘टी’ अक्षराचें बटण असलेला, बहुधा रुंद असा एक खटका असतो, तो आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. ३० मिलिअँपियर इतका फरक पडला कीं घरची वीज तोडतो. हा फरक म्हणजे प्रवाह ओल्या भिंतींतून, गीझरच्या फुटक्या कॉइलमधून, किंवा एखाद्या मनुष्याच्या देहांतून जमिनींत चालला आहे! दहा-पंधरा मिलिअँपियरलाच हाताचे स्नायू आंखडतात आणि धरलेली वस्तु सुटत नाहीं. १६ अँपियरच्या साध्या खटक्याला एवढ्याशा प्रवाहाची दादहि लागत नाहीं. मनुष्य दगावला तरी तो जागचा हलत नाहीं. म्हणून “पावसांत फार त्रास देतो” या सबबीवर आरसीसीबी काढून तारा थेट जोडणें हें घरच्या लहान मुलांशीं केलेलें वैर होय.

याचा शोध घेतांना एक गोष्ट चांगल्या चांगल्यांना चकविते. साधें बटण फक्त फेजची तार तोडतें. न्यूट्रल जोडलेलीच राहते. गीझरच्या आंत न्यूट्रल अर्थला टेकली असेल, तर गीझरचें बटण बंद असूनहि दुसऱ्या खोलींतील पंखा लावतांच आरसीसीबी पडतो, आणि बिचारा पंखा दोषी ठरतो! तेव्हां बटणावर विसंबूं नये, पिनच काढावी. हात व पाय कोरडे असावेत. पीन नसलेला, थेट जोडलेला गीझर वायरमनकडूनच सोडवून घ्यावा.

खटका खरोखर बिघडतो, पण क्वचित्. त्याहून अधिक वेळां त्याचा स्क्रू सैल असतो. सांधा तापतो, ती ऊब पट्टीला लागते आणि थोड्या भारावरहि खटका पडतो. पेटींतून करपल्याचा वास आला किंवा खटक्याची बाजू काळवंडलेली दिसली, तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावें. खटका बदललाच तर त्याच आंकड्याचा बसवावा. वायरमन येण्यापूर्वीं एका कागदावर टिपून ठेवावें: कोणता खटका, किती वाजतां, काय काय चालूं होतें, आणि उचलल्यावर किती मिनिटें टिकला.