इंदूर ते नागपूर : नकाशावरचं अंतर, घड्याळातला वेळ

देवास जिल्ह्यातल्या लोहारद्याहून नागपूरला विमानानं जायचं, तर आधी उलट दिशेला, पश्चिमेकडे इंदूर गाठावं लागतं. त्यातही देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराच्या पश्चिम टोकाला, म्हणजे सगळं इंदूर ओलांडणं आलंच.

इंदूर ते नागपूर हवाई अंतर साधारण ३८० किलोमीटर. हरदा, बैतूलमार्गे जाणारा रस्ता डोंगर-नद्यांना वळसे घालत यापेक्षा बराच लांब पडतो. या टप्प्यासाठी पंख्याचं एटीआर विमान पुरतं. त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. हिशेबानं पाऊण तास. मग तिकिटावर तासाहून जास्त का? कारण तिकिटावरचा वेळ चाकं जागेवरून हलली की सुरू होतो आणि विमान थांब्यावर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण, घिरट्या, सगळं त्यातच. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा नागपूरकडे जाताना पाठीशी, परतताना तोंडावर.



विमानतळावर दोन तास आधी पोचायचं असतं. त्यामुळे घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडला, तर नागपूरसाठी विमानाची बचत फार मोठी नाही, असं माझं मत. विमानांची वेळापत्रकं मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात. निघण्यापूर्वी खात्री करून घ्या.